उशाशी बसायचा मान

तेलेसिआ स्वतः बोलवायला आली, तेव्हाच तोआकासेनं ओळखलं की पोरीचं काही खरं नाही. अठरा वर्षांत ही भावजय तिच्या दाराशी आली नव्हती. चर्चमध्ये समोरासमोर आल्या तर मान झुकवायची, नणंदेचा मान ठेवायचा आणि पुढं जायचं, एवढाच संबंध उरला होता. आज ती कुंपणाशी थांबली नाही. सरळ आत आली आणि दारातली चटई सोडून उघड्या वाळूवर बसली.

तोआकासे बारतोंडीची पानं निवडत होती. किडलेली बाजूला, कोवळी फडक्यात. तिनं हात थांबवले नाहीत.

"वन्सं," तेलेसिआ म्हणाली, "फापिओलाला काल दुपारपासून कळा येताहेत. पोर खाली सरकत नाही."

"लोसालीन काय म्हणते?"

"ती म्हणते, सुईणीच्या हातातलं आता राहिलं नाही. मोठ्या बेटावर दवाखान्यात न्या म्हणते. कितिओनेनं होडीला इंजिन लावून ठेवलंय. पण आधी तुम्ही."

'आधी तुम्ही' म्हणजे काय, हे मोतुआवा बेटावर कुणाला समजवावं लागत नाही. बापाची बहीण ही बापाच्याही वर. तिच्या मनात भावाच्या घराबद्दल अढी असली, तर भाचीचं बाळंतपण अडतं. ती अढी तशीच ठेवून होडी हाकारली, तर दवाखान्यातून काय परत येतं ते हापाईच्या सगळ्या बेटांनी पाहिलेलं होतं. म्हणून आधी आत्या, मग होडी. आत्यानं पोरीच्या पायाशी बसायचं, नारळाच्या करवंटीतलं घोटभर पाणी आधी आपण प्यायचं, उरलेलं तिला पाजायचं आणि म्हणायचं, माझ्या मनात काही नाही. एवढंच. तोआकासेनं स्वतः किती आत्यांना हाताला धरून हे करायला नेलं होतं. एकदोघींना तर तिनं बाळंतिणीसमोरच फटकारलं होतं की तोंडानं म्हणतेस, पण मनात धरून ठेवलंयस.

कारण हे तिचं कामच होतं. तिच्या आईचे हात औषधाचे होते, आईच्या आईचेही. मरायच्या आदल्या दिवशी आईनं पानांचा रस तिच्या दोन्ही तळहातांवर पिळला होता आणि तिथून पुढं आईच्या हातचं औषध लागू पडलं नाही, लेकीचं पडू लागलं. पोराच्या पोटातला मुरडा, बाईची पाठ, उसण, ताप, ही पानांची दुखणी. ती कुणालाही बरी करता येतील, असं ती म्हणायची. पण काही दुखणी पानांची नसतात. जिवंत माणसाचा गुडघा वर्षभर ठणकतो आणि गुडघ्यात काहीच नसतं. कारण दुखणं गुडघ्याचं नसतंच. आजीच्या थडग्यात सुरूच्या झाडाची मुळी उतरलेली असते आणि आजीच्या गुडघ्याच्या वाटीतून आरपार गेलेली असते. आजी कुणाला सांगणार? ती नातवाच्या गुडघ्यातून सांगते. मग थडगं उघडायचं, मुळी काढायची, हाडं पुसून त्यांना खोबरेल लावायचं, पांढऱ्या कापडात बांधून पुन्हा निजवायचं. तीस वर्षांत तोआकासेनं नऊ थडगी उघडवली होती आणि नऊही वेळा मुळी निघाली होती. आजूबाजूच्या बेटांवरून माणसं यायची ती यासाठीच.

दहावं थडगं तिला उघडता आलं नव्हतं. ते तिच्या स्वतःच्या बापाचं.

तिचा मुलगा हाकेआई बारा वर्षांचा असताना त्याचं डोकं दुखायला लागलं. नुसतं दुखणं नव्हे, सकाळी उठला की भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. पानं झाली. मोठ्या बेटावर जाऊन डॉक्टरच्या गोळ्याही झाल्या. मग तिनं तीन दिवस उपास करून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला कळलं. तिच्या बापाच्या कवटीत मुळी शिरली होती.

थडगं उघडायचं तर घरच्या कर्त्या पुरुषाचा होकार लागतो. कर्ता म्हणजे तिचा भाऊ पेनिसिमानी. बहीणभाऊ वयात आले की एका छपराखाली बसत नाहीत, समोरासमोर बोलत नाहीत, म्हणून निरोप तेलेसिआकडून गेला. आणि बहिणीनं मागितलेल्या गोष्टीला भाऊ नाही म्हणत नसतो. डुक्कर मागितलं तर डुक्कर द्यायचं, पोर मागितलं तर पोर. निरोप ही नुसती रीत होती.

तेलेसिआ परत आली आणि खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, नाही."

का, ते नाही. नुसतं नाही. पेनिसिमानी त्याच वर्षी चर्चचा कारभारी झाला होता. नव्या कारभाऱ्याला बापाची हाडं उकरलेली चालणार नाहीत, असं गावानं ताडलं आणि तोआकासेनंही. त्यानंतर दोन महिन्यांत हाकेआईचा एक डोळा गेला, मग दुसरा, मग तो गेला.

पेनिसिमानी मागच्या पावसाळ्यात वारला. बहीण म्हणून तोआकासे त्याच्या उशाशी बसली. तो मान तिचाच होता. रीतीप्रमाणं सगळ्यांनी तिच्यापुढं चटया आणून ठेवल्या, तिनं प्रत्येकीचे आभार मानले आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. तेलेसिआनंही.

आता तीच तेलेसिआ वाळूवर बसून वाट बघत होती. तोआकासेनं फडक्याला गाठ मारली. उठायचं, जायचं, पाणी प्यायचं, म्हणायचं. शब्द तिच्या तोंडाशी होते. पण शब्द आणि मन यांतलं अंतर ओळखण्यातच तिचा जन्म गेला होता. तिनं मनात पाहिलं. अढी तिथंच होती, खडकाला चिकटलेल्या कालवासारखी.

"नुसतं तोंडानं म्हटलं तर पोरीला उपयोग नाही," ती म्हणाली. "माझ्या बापाचं थडगं उघडा. मुळी बाहेर निघाली की माझ्या मनातलंही निघेल."

तेलेसिआनं वर पाहिलं. "आत्ता?"

"आत्ता. कर्ता आता कितिओने आहे. तो नाही म्हणणार नाही."

"वन्सं, होडी तयार आहे."

"पाणी उतरायला अजून तीन तास आहेत. होडी कुठं जात नाही."

ती हे मनापासून म्हणाली. मुळी निघाल्याशिवाय पोर सुटणार नाही, हे तिला दिसत होतं. पण त्याच्या मागं आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिला तेव्हाही ठाऊक होती. तिला ती मुळी बघायची होती. सगळ्या गावाला दाखवायची होती.

कितिओने हा पेनिसिमानीचा थोरला मुलगा, तिशीतला, रुंद खांद्यांचा आणि कमी बोलणारा. निरोप ऐकल्यावर त्यानं होडीतलं इंधनाचं पिंप खाली ठेवलं आणि कुदळ घेतली. "बाबांनी आयुष्यात एकदा आत्याला नाही म्हटलं," तो बायकोला म्हणाला, "ते अजून आपण फेडतोय."

स्मशान समुद्राच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली होतं. पांढऱ्या वाळूचे उंचवटे, त्यांवर काळे गोटे मांडलेले. थडगं उघडताना तिथं दोघांनीच असायचं, खणणाऱ्यानं आणि औषध करणारीनं. बाकीची माणसं जरा दूर, झाडांपलीकडं, पाठ करून बसली. कुणीतरी भजन धरलं. फापिओलाच्या घराकडून मधूनच ओरडणं ऐकू यायचं, आणि भजनाचा आवाज वाढायचा.

वरची वाळू लवकर निघाली. मग मुळ्या लागल्या. सुरूच्या, तांबूस, बोटाएवढ्या, जाळीसारख्या पसरलेल्या. प्रत्येक मुळी तोडताना कितिओने वर बघायचा आणि तोआकासे मान हलवायची, खाली अजून. एवढं रान वरच आहे, तर आत काय असेल.

आत दगड होता.

कुदळ खणकन वाजली. कितिओनेनं हातानं वाळू सारली. किनाऱ्यावर मिळतो तसल्या प्रवाळी दगडाची फरशी होती, घासून सपाट केलेली. तिच्या शेजारी दुसरी. आणि सगळ्या कडेनं उभ्या फरशा, कडेला कडा लावून, सांध्यात चुना भरून. थडग्याच्या आत दगडाची एक पेटीच बांधलेली होती. मुळ्या तिच्यावरून गेल्या होत्या, कडेनं वळल्या होत्या, खाली वाट शोधत पुन्हा वर आल्या होत्या. आत एकही शिरली नव्हती.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं, पण विचारताना तिला कळलं होतं. पुरायच्या दिवशी बायका घरी बसतात, खड्डा पुरुष खणतात. बापाचा खड्डा पेनिसिमानीनं एकट्यानं खणला होता, कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं, दोन दिवस लावले होते. भावाचं बापावर किती प्रेम, असं म्हणून बायका रडल्या होत्या. अशी पेटी मागाहून बांधता येत नाही.

कितिओनेनं वरची फरशी कुदळीनं उचकटून बाजूला केली. आजोबा कोरड्या पांढऱ्या वाळूत निजले होते. कापड कुजून गेलं होतं, हाडं जागच्या जागी. त्यानं दोन्ही हातांनी कवटी उचलून आत्याला दिसेल अशी धरली आणि हळूहळू फिरवली. मोडतोड नाही, भोक नाही, चीरसुद्धा नाही. धुतलेल्या करवंटीसारखी स्वच्छ.

तोआकासे खड्ड्याच्या काठावर बसली.

म्हणजे त्याला माहीत होतं. मुळी आत जाणार नाही हे त्याला माहीत होतं, कारण ती जाऊ नये म्हणून त्यानंच दगड घासले होते. आपल्या बहिणीचं औषध या बेटावर कुणी सगळ्यात जास्त खरं मानलं असेल, तर या माणसानं. आणि पुढं चर्चचा कारभारी झाल्यावर हे तोंडानं कसं सांगणार? बायकोकडून निरोप कसा धाडणार, की मी बापाला देवावर सोपवलं नाही, दगडात बंद केलं? म्हणून नुसतं 'नाही'. हाकेआईच्या डोक्यात जे काही होतं, ते या थडग्यातून आलेलं नव्हतं. कुठून आलं होतं ते तिला कधीच कळलं नव्हतं.

अठरा वर्षं.

"आत्या," कितिओने खालून म्हणाला. त्यानं कवटी परत ठेवली होती. आता त्याच्या हातात वरच्या थरातल्या मुळीचा एक तुकडा होता, वीतभर, टोकाला बारीक. "हीच ना?"

तो तिच्याकडं बघत नव्हता. घराकडून पुन्हा ओरडणं आलं आणि त्याचे खांदे आखडले. त्याला बहीण सोडवायची होती आणि आत्याला खाली बघायला लावायचं नव्हतं. दोन्ही एकदम होणारी ही एकच वाट त्याला दिसली होती.

नाही म्हणायचं, तर झाडांपलीकडं बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं की माझा हात चुकला. मेलेल्या भावाची क्षमा मागायला हवी होती, त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर. तिनं तोंड उघडलंही.

"हीच," ती म्हणाली.

मुळी दिसताच लोकांचे चेहरे बदलले. म्हातारे उठून उभे राहिले. कुणी म्हणालं, दहाच्या दहा, हिचा हात म्हणजे हात. कुणी पेनिसिमानीबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. तेलेसिआ मुळीकडं एकदाच बघून घराकडं वळली. आता पोर सुटणारच होतं. तरुणांनी होडी वाळूवर ओढून ठेवली, इंजिन उतरवलं, पिंप छपराखाली गेलं. दोघीतिघी भट्टीसाठी दगड तापवायला लागल्या, कारण बारशाला नाही तरी पोर आल्यावर माणसं जेवायला बसणारच. कितिओने मात्र एकटा बाजूला राहिला. हाडांना लागलेल्या हातांना दहा दिवस काही शिवायचं नसतं, स्वतःचा घाससुद्धा नाही.

फापिओला आतल्या चटईवर आडवी होती. तीस वर्षांची, नेहमी खिदळणारी पोर, तिचे ओठ आता फुटले होते. नवरा जहाजावर, परमुलखात. लोसालीननं जागा करून दिली आणि तोआकासे पायाशी बसली. तिनं करवंटीतलं पाणी प्यायलं, उरलेलं पोरीच्या ओठांना लावलं.

"माझ्या मनात काही नाही," ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. तिनं मनात पाहिलं तर अढीची जागा रिकामी होती. ज्याच्यावर ती चिकटून होती तो खडकच निघून गेला होता. आता तरी सुटावं, तिनं मनात म्हटलं. खोटं असलं तरी माझं खोटं आहे, पोरीचं नाही.

कळ आली, गेली. पोर हललं नाही.

लोसालीननं दाराबाहेर, पाणी कुठवर आहे ते पाहिलं.

"आत्या," फापिओला बऱ्याच वेळानं म्हणाली, "मुळी निघाली म्हणे."

"बोलू नकोस. दम राख."

"म्हणजे बाबा चुकले." कळ येऊन गेली तशी ती पुन्हा बोलायला लागली, मध्ये मध्ये थांबत. "मी आणि हाकेआई एका पावसाळ्यातले. तो गेला तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, तुम्ही का नाही म्हणालात. बाबा उठून बाहेर गेले आणि रात्र होईस्तोवर आलेच नाहीत. मला वाटायचं, बाबांनी असं केलं नसेल." ती तोआकासेकडं बघत होती. "केलं होतं तर."

तोआकासेनं तिच्या पोटऱ्यांना तेल लावलं. बाहेर भट्टीचे दगड तडतडत होते. असा तासभर गेला असेल. ती पुढं ज्या तासाचा हिशेब स्वतःशी मांडत राहिली तो हाच. प्रत्येक कळेनंतर सांगू असं तिला वाटे, आणि प्रत्येक कळेनंतर वाटे की कदाचित पुढच्या कळेला सुटेल आणि मग सांगायची गरजच पडणार नाही.

मग लोसालीननं पोटावर कान ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पाहून तोआकासे पोरीच्या तोंडाशी वाकली.

"मुळी नव्हती," ती म्हणाली. "तुझ्या बापानं थडग्याला आतून दगड लावले होते. आधीच. कवटी साबूत आहे. तो बरोबर होता, मी चुकले. मी सगळ्यांना खोटं दाखवलं."

फापिओलानं डोळे मिटले. तोआकासेला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. पण तिच्या फुटलेल्या ओठांवर काहीतरी हललं, हसल्यासारखं.

"आईला सांग," ती म्हणाली.

तोआकासे बाहेर आली आणि होडी काढा म्हणाली. सगळे तिच्याकडं बघायला लागले. मुळी निघाल्यावर होडी कशाला, असं एका म्हाताऱ्यानं विचारलंही. का, ते तिनं सांगितलं नाही. नुसतं पुन्हा म्हणाली, होडी काढा.

पण पाणी गेलं होतं. खडकांच्या कडेपर्यंत सगळा तळ उघडा पडला होता, चिखल, शेवाळ, थांबलेली डबकी. रात्रीच्या भरतीपर्यंत होडीला वाट नव्हती. मग बारा जणांनी होडी उचलली आणि अर्धा मैल खडकांवरून नेली. कितिओनेला हात लावता येत नव्हता, म्हणून त्यानं खांदा लावला. मागं चौघी बायकांनी फापिओलाला घराच्या काढलेल्या दारावर निजवून उचललं. भावानं बहिणीला अशा अवस्थेत बघायचं नसतं. त्या सबंध वाटेवर ती किती वेळा ओरडली, पण कितिओनेनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या तोआकासेला दिसत होत्या. ती दाराच्या बाजूनं चालत होती, पोरीच्या तोंडावर चटईची सावली धरून. खडकांवर तिचे तळवे फाटले, ते तिला संध्याकाळी समजलं.

होडीत लोसालीन आणि तेलेसिआ बसल्या. इंजिन शेजारच्या मोसेसेनं धरलं. तोआकासेला जागा नव्हती. कडेच्या खडकावर पाणी घोट्यापर्यंत येईस्तोवर ती उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी होडी परत आली. मुलगी पोट फाडून जिवंत काढली होती, ती दवाखान्यातच ठेवली होती. फापिओलाला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून आणलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, सहा तास आधी आणायला हवं होतं. मोसेसेनं हे किनाऱ्यावर सांगितलं आणि लोकांनी मान हलवली. डॉक्टर नेहमीच असं म्हणतात.

दुपारपर्यंत मांडव झाला. फापिओलाला घरात मधोमध निजवलं. बापाची बहीण उशाशी बसते, छान विणीची चटई कमरेला गुंडाळून. खालच्या नात्याची माणसं फाटक्या, मोठ्या, जाड्याभरड्या चटया नेसून बाहेर चुलीशी राबतात. तोआकासे आली ती फाटकी चटई नेसून, केस सोडून, आणि सरळ मागच्या बाजूला चुलीकडं गेली. तिथं कितिओने जमिनीवर बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून, आणि त्याची बायको त्याला कोनफळाचा घास भरवत होती. त्यानं आत्याला पाहिलं आणि नजर वळवली.

बायका गडबडल्या. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तेलेसिआ बाहेर आली, न बोलता तिचा हात धरला, आत नेलं, ती फाटकी चटई सोडली, स्वतःच्या पेटीतली जुनी, मऊ चटई तिच्या कमरेला बांधली आणि तिला उशाशी बसवलं.

गावाच्या वतीनं बोलणारा मानकरी, म्हातारा फाकातावा, उभा राहिला. तो म्हणाला की या घरानं सगळं केलं. आत्यानं मन मोकळं केलं. थडगं उघडलं, मुळी काढली, जुनं वैर मिटवलं. एवढं करूनही देवानं नेलं, तर ती देवाची मर्जी. कुणाकडं बोट दाखवायला जागा नाही. लोक हुंकारले. तोआकासेला दिसलं की हे असंच राहील. हे बोलणं कुणी मोडणार नाही. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तिला जमत होतं, तिनं ते करून पाहिलं होतं.

तिच्या डाव्या हाताशी फापिओलाचं कपाळ होतं, तेल लावून चकचकीत केलेलं. आईला सांग.

"मुळी नव्हती," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला. फाकातावानं कानाला हात लावला.

"थडग्यात मुळी नव्हती. माझ्या भावानं आतून दगडाची पेटी बांधली होती, बापाला पुरलं तेव्हाच. मला ती दिसली, आणि मी तुम्हाला वरच्या वाळूतली मुळी दाखवली. कितिओनेकडं दोष नाही. त्यानं विचारलं, हो मी म्हटलं. भाऊ माझा बरोबर होता. हाकेआईचं डोकं कशानं दुखत होतं ते मला तेव्हाही समजलं नव्हतं."

मागं चुलीशी घास भरवणारा हात थांबला असावा, कारण तिकडची कुजबुजही बंद झाली. बाहेर लाट खडकांवर येऊन फुटली तेवढंच.

तेलेसिआ पायाशी बसली होती. तिनं बराच वेळ लेकीच्या पायांवरचं कापड सारखं केलं.

"भरती होती तेव्हा," ती म्हणाली.

"हो."

"होडी पाण्यात होती."

"हो."

तोआकासे उठायला लागली. तिनं एका हातानं चटईची गाठ सोडायला घेतली होती. बाहेर जाऊन ती फाटकी चटई पुन्हा नेसावी, चुलीशी बसावं, तिथंही कुणी बसू दिलं नाही तर स्मशानाकडं जावं, असं तिच्या मनात होतं. ती अर्धी उठली तोच तेलेसिआनं तिच्या दंडाला धरलं. जोर नव्हता, पण सोडणारही नव्हती.

"बसा, वन्सं," ती म्हणाली. "चुलीशी बसलात तर मला तुमच्याकडं बघावं लागायचं नाही, आणि तुम्हाला हिच्याकडं. इथं बसा. तुमचा मान आहे."

तोआकासे बसली.

मग जसं व्हायचं असतं तसं सुरू झालं. एकेक घर पुढं आलं, वाकलं, उशाशी चटई ठेवून मागं सरलं. सालीची कापडं आली, खोबरेलाच्या बाटल्या आल्या. तिच्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं, पण ठेवायची ती वस्तू सगळे तिच्याच पुढं ठेवत होते, कारण दुसरीकडं ठेवायची रीत नाही. ठेवल्यावर तिनं आभार मानायचे असतात. ती मानत होती.

सगळ्यांच्या शेवटी तेलेसिआ उठली. तिनं आणलेली चटई लहान होती, हातभर रुंद, काठाला लाल पिसं लावलेली, आणि एका कडेचे धागे अजून तोडायचे राहिलेले होते. पोर जन्मल्यावर निजवायला विणायला घेतली होती. ती तिनं दोन्ही हातांनी तोआकासेच्या मांडीवर ठेवली आणि वाकून, कपाळ जमिनीला टेकवून, तशीच थांबली.

तोआकासेनं त्या मोकळ्या धाग्यांवरून बोट फिरवलं. सगळे वाट बघत होते.

तिनं आभार मानले.